पंगतीतली ज्वारी

९ ऑक्टोबर १९५५, रविवार
श्रीगणेशा झाला. गॅलरीत तुळशीच्या ओळीने रॉकेलचे सहा डबे मांडले, ज्वारी पेरली. रोपं धरली की तिघांना रोज संध्याकाळी पाणी, तिघांना ताण, म्हणजे पाणी बंद. सिद्धांत पक्का: ताण दिला की झाड शहाणं होतं. माझंच उदाहरण घ्या. वार लावून जेवलो, रात्रशाळेत शिकलो, कॉलेजात आधी काचसामान धुतलं. आज वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. मला कुणी पाणी घातलं होतं? जानेवारीअखेर परिषदेत पेपर, मग लेक्चरर.
यशोदा म्हणाली, अहो, एका पंगतीत बसवून तिघांना वाढायचंच नाही? म्हटलं, हे सायन्स आहे, मुंजीचं जेवण नव्हे.
संकल्प: रोज पाचला उठणे.

३१ ऑक्टोबर, सोमवार
पाचला जाग आली. उठलो नाही. कालपासून तिघांचं पाणी बंद.
कान मात्र तिखट. अंथरुणातून अख्खी फणसवाडी ऐकू येते. यशोदा तुळशीला पाणी घालत होती. धार थांबते, पुढे सरकते, पुन्हा लागते. एका तुळशीला एवढं? माझ्या बढतीचा नवस असणार. श्रद्धेत लुडबूड नको.
मधेमधे खोकते. गारठा.

२१ नोव्हेंबर, सोमवार
फाउंटनला मोर्चावर गोळीबार. कॉलेज सुटलं. शेजारचा तात्या घसा बसेपर्यंत घोषणा देऊन आला. त्याला डबे दाखवले. तीन आठवडे थेंब नाही, तरी तिघे तरतरीत! जगात कुणाला असा रिझल्ट मिळाला नसेल. तात्याने बोट खुपसलं. अरे चिंतामणी, माती ओली लागते रे! म्हटलं, दव. तिसऱ्या मजल्यावर? म्हटलं, मुळं हवेतलं पाणी ओढतात. बोलता बोलता नवा शोध लागला.
जाताना म्हणाला, ज्वारी सोड, वहिनी बघ किती वाळल्यात. उपास चालू असतील.

११ डिसेंबर, रविवार
आज सुचलेलं वाक्य: ‘ताणाखालचं झाड गवगवा करत नाही, आपली जुनी पानं वाळू देतं आणि कणसाला रस पुरवतं.’ पेपरची सुरुवात यानेच. यशोदेला वाचून दाखवलं. छान आहे म्हणाली. तिचं ताट झाकलेलंच होतं. भूक नाही म्हणे. संध्याकाळी अंग कढत.
संकल्प: पेपर टाइप झाला की डॉक्टर. नक्की.

३ जानेवारी १९५६, मंगळवार
पेपर रवाना. संध्याकाळी यशोदेच्या पदराला रक्त. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? म्हटलं, संशोधन. ते हसले नाहीत. परळला दवाखान्यात ठेवलं.
जिन्यात थांबून म्हणाली, त्या तिघांचं बघा हं. माझ्या कामाची केवढी काळजी! म्हटलं, तू निश्चिंत राहा, त्यांना सवय झालीय.

१२ जानेवारी, गुरुवार
तिघांच्या पानांची सुरळी झालीय. कारण कळत नाही. कीड? पाणी घालणार नाही. शास्त्र म्हणजे शास्त्र.
यशोदेला भेटलो. ज्वारी कशी आहे, विचारलंन. उत्तम म्हटलं. काळजी कशाला.

१८ जानेवारी, बुधवार
कर्फ्यू. परळ आज चंद्राइतकं लांब. नाक्यावर अश्रुधूर. तिघे पार वाळले. अश्रुधुराचाच परिणाम! पुढचा पेपर यावरच.
तात्याच्या राधाबाईंनी गॅलरीतून आमटीभात दिला. डब्यांकडे पाहून म्हणाल्या, भावोजी, यशोदाबाई दवाखान्यात गेल्या आणि ह्यांचं पाणी तुटलं. रोज पहाटे सगळ्यांना घालायच्या हो. मी त्यांना म्हटलंही, अहो, भावोजी रागावतील. तर म्हणाल्या, एका पंगतीत बसलेत, कुणाला वगळू?
आमटी गार झाली.

२३ जानेवारी, सोमवार
वाट मोकळी झाली. सकाळी सातला पोचलो. पहाटेच गेली.
तोंडात पाणी शेजारच्या खाटेवरच्या सखुबाईंनी घातलं. कुलाब्याच्या कोळीण. म्हणाल्या, तुजी बायको रातभर इचारत होती, पानी घातला का, पानी घातला का. मना वाटला, तिलाच पायजे. दोन चमचे दिला. प्यायली नाय.

५ फेब्रुवारी, रविवार
काल तेरावं झालं. पेपर परिषदेआधीच मागे घेतला. कारण ‘घरगुती’ लिहिलं.
पंगतीत राधाबाई तूप वाढत होत्या. एकदम आनंदीबाई आठवल्या. मंगळवारी त्यांच्याकडे माझा वार असायचा. तुपाची धार त्यांच्या मुलाच्या भातावर आणि माझ्या भातावर सारखीच धरायच्या. इतक्या वर्षांत कधी आठवलं नव्हतं.
आज पाचला जाग आली. कान लावून पडलो. तांब्या वाजला नाही. मग उठलो. तुळशीला घातलं, पहिल्या तीन डब्यांना घातलं. पुढचे तिघे वाळलेलेच. त्यांनाही घातलं. एकाच पंगतीतले.