कुणाचा तरी पाय मुरगळू दे

२८ नोव्हेंबर

काल दुपारी काय जेवलात? न्हाई आठवत ना? म्हणून तर ही वही! हिची वाचणारी माणसं किती, तर एक. अन् तेच विसरभोळं. मला लिहिता येत न्हाई, यांना लक्षात राहत न्हाई. दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. मी सांगायचं, यांनी लिहायचं, अन् महिन्या-दोन महिन्यांनी मला वाचून दाखवायचं. ठरलं.

लिहा पहिलं. आपला सुयश महाराष्ट्राच्या टी-ट्वेंटीच्या टीममध्ये आला. आपल्या लेकाचा, सोमेश्वरचा थोरला. डाव्या हातानं जोरात बॉल टाकतो. मुश्ताक अली नावाची स्पर्धा आहे, तिथं आयपीएलवाले हेरायला येऊन बसतात म्हणे. मुलगी पाहायला येतात तसे. फक्त पोहे मिळत न्हाईत.

सोमेश्वरनं दिवाळीतच सांगून टाकलंय — यंदाच्या लिलावात कुणी घेतलं तर ठीक, न्हाई तर संक्रांतीपासून दुकान. जुन्या जालन्यातलं आमचं कापडाचं दुकान. पोरगं तेवीस वर्षांचं झालं, बापाचंही काही चूक न्हाई. पण माझ्या चपलांचं काय? लहानपणी गल्लीत माझी चप्पल मांडायचा अन् लांबून पळत येऊन तिच्यावर बॉल टाकायचा. नेम बसला की चप्पल नालीत. किती जोड गेले! ते काय दुकानात बसण्यासाठी गेले?

३० नोव्हेंबर

चार विकेट! यांनी मोबाईलवर वाचलं. पेढे आणले, गल्लीभर वाटले. शेजारच्या द्वारकाबाईला दोन दिले. एक तोंड गोड करायला, एक तोंड बंद ठेवायला.

१ डिसेंबर

त्या विकेट आपल्या सुयशच्या न्हवत्या.

टीममध्ये आपल्याच आडनावाचा दुसरा पोरगा आहे. ऋषी. लातूरचा. तोही डावखुरा. यांनी आडनाव वाचलं अन् उठले ते थेट मिठाईच्या दुकानात. आपला सुयश कालच्या मॅचला बाहेर बसून खेळणाऱ्यांना पाणी नेऊन देत होता. मोतीबिंदू काढून घ्या म्हणून सांगून राह्यले मी, तर म्हणतात घाई काय आहे.

आता पेढे परत मागता येतात का? लातूरच्या त्या आजीनं वाटले नसतील तर आमचे तिच्या वतीनं वाटले असं धरा.

थांबा. मी एवढंच बोलले, पेन अजून चालून राह्यलं. काय लिहिलं? वाचा. — "मोबाईलवर अक्षर फार बारीक असते."

खोडा ते. वही माझी आहे.

९ डिसेंबर

सुयश दोन मॅच खेळला. मंग आयपीएलच्या एका टीमनं ट्रायलला बोलावलं. शेवटची ओव्हर चालू आहे असं समजून टाक म्हणले. फोन आल्ता. "चांगले पडले आज्जी." मी विचारलं, नेमाला काय मांडलं होतं? म्हणला, काहीच न्हाई, तुझी चप्पल डोळ्यापुढं ठेवली.

टीमचं नाव लिहू नका. दृष्ट लागते.

१६ डिसेंबर

लिलाव. दुकान लवकर बंद करून सोमेश्वरही येऊन बसला, पण टीव्हीकडं पाठ करून. जसं काही याला पाहायचंच न्हाई!

मला लिलाव माहीत आहे तो मोसंबीचा. ढीग समोर असतो, व्यापारी एखादं फळ फोडून पाहतो, मंग बोली. इथं माल एकीकडं अन् बोली सातासमुद्रापार. सुयशचं नाव यादीत पार खाली. हे म्हणाले, खालच्यांतली सगळी नावं पुकारत न्हाईत. ज्याला कुठली तरी टीम मागते त्याचंच पुकारतात.

याचं पुकारलं न्हाई. कुणी नको म्हणलं असतं तरी चाललं असतं. नाव तरी निघालं असतं.

ऋषीला घेतलं. ट्रायल जिथं झाली त्याच टीमनं. सुयशनंच फोन करून सांगितलं, अन् चांगल्या आवाजात सांगितलं. ते मला जास्त लागलं.

१७ जानेवारी

संक्रांत झाली. सुयश दुकानात.

मी गप बसेन होय? भजनातल्या बाया पाठवल्या. झुंबरबाई पुढारी. सगळ्यांना पढवून ठेवलं — साड्यांचे ढीग उलगडायला लावा, नाकं मुरडा, चहा प्या, अन् हात हलवत या. सोमेश्वरला दिसलं पाहिजे की पोराला हे जमणारं न्हाई.

संध्याकाळी सगळ्या माझ्याकडं आल्या. पिशव्या घेऊन! झुंबरबाईकडं दोन. म्हणते, "काय करू रमाबाई, तुमचा सुयश म्हणला, मावशी, हा रंग तुमच्यासाठीच थांबलाय."

सोमेश्वर जेवताना खूश. आई, हा तर जन्माचा दुकानदार आहे म्हणतो. मी ताटाकडं बघून भाकरी मोडली. स्वतःच्याच हातानं पोराच्या पायात दोरी बांधली की मी!

हसू नका. लिहा.

६ मार्च

ऋषीचा फोन आल्ता. त्याच्या टीमला सरावासाठी डावखुरा पाहिजे. त्यानं आपल्या सुयशचं नाव सुचवलं. मॅच खेळायची न्हाई, नुसते नेटमध्ये मोठ्या फलंदाजांना बॉल टाकायचे. दोन महिने. राहणं-खाणं त्यांचं.

सोमेश्वर म्हणला, म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात वाढपी. बिलकुल जायचं न्हाई.

सुयश साडीची घडी घालत होता. चांगली घातली घडी. फार चांगली. तेच पाहवलं न्हाई.

मी म्हणले, "सोमेश्वरा, जाऊ दे त्याला. तोवर दुकानात मी बसते."

७ मार्च

बसले!

पहिली बाई आली, जांभळी साडी हातात. मी म्हणले, घे बाई, पण वेगळी धू, हिचा रंग जातो. दुसरी आली. तिला म्हणले, हीच साडी कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त आहे, मी सुनेसाठी तिथूनच आणली. तिसरीला तर काहीच घ्यायचं न्हवतं, तिला बसवून घेतलं अन् गुडघ्याच्या औषधावर बोललो. सोमेश्वर बँकेतून आला तर गिऱ्हाईक एक न्हाई, अन् मी गादीवर पाय पसरून.

दुपारी त्यानंच पोराची बॅग माळ्यावरून काढली.

बॅगेत मी माझी चप्पल टाकली. एकच. दोन कशाला पाहिजेत?

१३ मार्च

जांब समर्थला रामाच्या देवळात जाऊन आलो. गाडीत यांनी मला समजावून सांगितलं. टीममधला कुणी दुखापतीनं बाहेर गेला तर त्याच्या बदली दुसरा घेता येतो. लिलावात न विकलेल्यातून घेतात. नेटमध्ये रोज डोळ्यासमोर असलेला पोरगा मंग आधी आठवतो.

असं आहे होय! आधी का न्हाई सांगितलं?

रामासमोर उभी राहिले अन् बराबर सांगितलं — रामा, कुणाचा तरी पाय मुरगळू दे. मोडू नको. थोडासा. पलंगावर बसून टीव्ही पाहण्याइतका. ज्याला पुष्कळ मिळालंय, अशा एखाद्या मोठ्या माणसाचा बघ. सुयशला घेतलं की पेढे घेऊन येते.

का थांबलात? देवाला तोंडावर सांगितलं, वहीला सांगायला कशाची लाज? — "रमा, असं मागू नये."

हेही लिहा. म्हणाले म्हणून लिहा. अन् माझं खोडू नका.

२ एप्रिल

सुयश नेटमध्ये चप्पल मांडून टाकून राह्यला! त्यांच्या मोठ्या कोचनं विचारलं, ही कुणाची? हा म्हणला, आज्जीची. कोच म्हणला, मार. यानं लागोपाठ मारली. आता तिथले सगळे चपलेवर बॉल टाकून पाहतात म्हणे. ऋषीचाही नेम बसतो. दोघं एकाच खोलीत राहतात. सुयशला ताप आल्ता तर ऋषीनं रात्रभर पट्ट्या ठेवल्या.

सोमेश्वरनं फोनवरचं हे सगळं दारामागं उभं राहून ऐकलं. मंग विचारतो, चप्पल जुनी झाली असेल, दुसरी पाठवायची का.

१० एप्रिल

काही न्हाई. ऊन. फोनही न्हाई.

१५ एप्रिल

घेतला! घेतला! टीममध्ये घेतला, बदली म्हणून. सह्या झाल्या.

यांना बातमी दोनदा वाचायला लावली. मंग कल्याणीला वाचायला लावली. सुनेचे डोळे धड आहेत. नाव पूर्ण वाच म्हणले, आडनावावर जाऊ नको. सुयशच! सोमेश्वरनं भर बाजाराच्या दिवशी दुकानाचं शटर ओढलं अन् घरी आला. माझ्या पायाशी बसला, अन् माझी चप्पल हातात घेऊन बघत राहिला. पोरगा मोठा झाला की बाप लहान होतो.

द्वारकाबाईला चार पेढे दिले. तिचं तोंड मोठं आहे.

परवा जांबला जायचं. राम शब्दाचा पक्का!

१६ एप्रिल

कालच्या गडबडीत विचारायचं राहून गेल्तं. आज सुयशला विचारलं, कुणाच्या जागी घेतलं रे.

आधी मलाच विचारतो, जेवलीस का आज्जी. मंग म्हणला, "ऋषीच्या."

पाय न्हाई. गुडघा. ऑपरेशन आहे. वर्ष गेलं पोराचं. एकोणीस वर्षांचा आहे.

हे मार्चमधलं पान उघडून बसले होते. मी म्हणले, मिटा ते.

लिहा. कल्याणीला सांगायचं, डिंकाचे लाडू कर. डिंक तुपात चांगला फुलू दे, खारीक सढळ हातानं, मेथी नावाला. मोठा डबा भरून लातूरला पाठवा. वर ऋषीचं पूर्ण नाव लिहा — नुसतं आडनाव लिहिलं तर चुकून आपल्याच पोराकडं जाईल. सुयशला यंदा एकही लाडू पाठवू नका.