कंबरेचा दोर

कोची, ऑगस्ट १९७६

वहिनी,
तुमच्या पायावर डोकं ठेवून लिहितोय.

नेव्हीत मी आता पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांचा म्होरक्या व्हायचं शिकतोय. म्होरक्यानं बुडी मारायची न्हाई. बोटीवर बसून खालच्या माणसाचा दोर धरायचा. लागोपाठ हिसके आले, की इचार न करता माणूस वर ओढायचा. हा पहिला धडा.

वढूच्या विहिरीत दादा इंजनाच्या पाईपाच्या टोकाचा, तळाच्या गाळात अडकलेला फुटवॉल सोडवायला उतरला, तवा त्याच्या कंबरेचा दोर माझ्याकडं होता. आमचं ठरलं होतं, हिसका आला की ढील द्यायची. त्या दिवशी हिसक्यांवर हिसके आले. मी ढील देत राहिलो. दोर संपला, तवा कुठं ओढलं. तोवर दादा गेला होता.

इथं सगळे म्हणतात, दोर धरावा तर बन्सीनं. उद्या चौघांचे दोर मला देणार हायेत. नको म्हणावं, तर कारण सांगावं लागंल. तुम्हाला लिहिलेली तीन पत्रं ट्रंकेत हायेत. हे बी तिथंच जाईल.

तुम्ही गावभर सांगता, भावजींनी जीव तोडून ओढलं, तळहात सोलले. सोलले खरे. पण वहिनी, दोर सुटताना बी हात सोलतात.

तुमचा धाकटा दीर,
बन्सी