जळालेल्या उतारावरची पिठवण

नेरूळ, रविवार संध्याकाळ, जुलै १९९६

उन्हाळ्यात खारघरच्या डोंगरावरचं गवत जळालं, तेव्हा दर पावसाळ्यात जिला बघायला जायचे ते औषधी रोपटं, माझी पिठवणही गेली असंच धरून चालले होते. आज जनाबाईंबरोबर वर गेले. त्या तिथल्याच पाड्यातल्या, आमच्या सोसायटीत रानभाज्या विकायला येतात. काळ्या दगडांमध्ये पिठवण पुन्हा उभी होती, वीतभर. लांबट पानं, प्रत्येकाच्या मधोमध तो फिकट पट्टा, पिठाचं बोट ओढल्यासारखा. वरचं सगळं जळतं, पण मूळ खोल जिवंत राहतं. किती वेळ बघत बसले कोण जाणे.

मग पिशवीतून खुरपं काढलं. बाल्कनीत कुंडीत लावणार होते, म्हणजे पुन्हा आगीत सापडायला नको.

"नको ताई," जनाबाई म्हणाल्या. "आमची सून बालंतीन हाय. तिच्या काढ्याला हेच मूळ लागतंय. तरी मी हात लावला नाय."

"का?"

"हितं हे यकलंच झाड हाय. बी पडू दे."

खुरपं परत ठेवलं. वाचवायची होती म्हणे मला! खरं तर फक्त माझी करायची होती. आत्ता लिहितानाही तो पट्टा डोळ्यांपुढून हलत नाही.

शेळ्यांनी खाऊ नये म्हणून दोघींनी तिच्याभोवती दगड रचले. उतरताना मागे वळून पाहिलं, तर नुसते दगडच दिसले. बरं वाटलं.