खडूचा सुळा

नागपूर,
गुरुवार, २ ऑगस्ट १९७९

प्रिय गोपी,

तुझी फार आठवण येते, आणि शालिकराम काका-जयवंता काकूंना माझा वाकून नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुम्हीही असालच, असं धरून चालते, कारण तू काही पत्र लिहिणाऱ्यांतली नाहीस. दोन वर्षं आमच्या घरी राहिलीस, माझ्या अर्ध्या अंथरुणावर हातपाय पसरलेस, आणि बारावीची परीक्षा देऊन भिवापूरला गेलीस ती चार महिन्यांत दोन कार्डं! मधे जूनमध्ये कॉलेजचे फॉर्म भरायला आलीस, तेही एका दिवसापुरती.

इथे नवीन काही नाही. स्कायलॅब पडून तीन आठवडे झाले. आमच्या शेजारच्या प्रयागबाई तेव्हा आठ दिवस पलंगाखाली झोपत होत्या, त्या आता वर आल्या आहेत. पाऊस बरा आहे. कूलरमधलं गवत अजून काढलेलं नाही, त्यावरून आई-बाबांचं रोज एकदा वाजतं.

तू विचारशील म्हणून आधीच सांगून टाकते. कॉलेजकडून अजून काही आलेलं नाही. पोस्टमन येतो आणि जातो. मीच एकदा जाऊन चौकशी करीन, तू उगाच त्या छोट्या गाडीत हाडं खिळखिळी करून येऊ नकोस. आणि काकांनाही मिरचीच्या लावणीतून उठवू नकोस, एवढ्याशा कामासाठी.

खरं सांगायचं तर गोपी, दातांचं एवढं काय आहे? मला मेडिकल हवं होतं, ते मार्कांनी गेलं. डेंटल मी दुसऱ्या रकान्यात लिहिलं, लिहायचं म्हणून. तू मात्र वेडी, पहिल्याच रकान्यात डेंटल लिहिलंस. आठवतं, प्रयागबाई काय म्हणाल्या होत्या? "काहून वं, दात उपटाले कालेज लागते का? बाजारातला मानूस तं पकडीनं उपटते." आणि तू ताडकन म्हणालीस, "त्याच मानसानं मायच्या जबड्याची वाट लावली, म्हनून लागते." काकूंचा चेहरा महिनाभर सुजला होता ते तू मला सांगितलं होतंस.

काकूंनी मागे कन्हानच्या स्थळाचं आईला लिहिलं होतं. नंबर नाही लागला तर दिवाळीनंतर बार उडवायचा, असं काका म्हणतात म्हणे. मुलगा कोळशाच्या खदानीत पर्मनंट आहे, क्वार्टर मिळणार आहे. तसं वाईट काय आहे त्यात? मी आपलं सहज म्हटलं.

बर्फी फार झाली आहे घरात, संत्र्याची. बाबांच्या कसल्याशा कामाची आहे. तुला आवडते म्हणून आठवण झाली. आई दिवसभर मशीनवर काहीतरी पांढरं शिवत बसते, त्या आवाजाने माझं डोकं उठलंय. मला हल्ली कुठलाच आवाज सहन होत नाही, सायकलची घंटीसुद्धा. हवा बदलली असेल.

बस, आता पुरे. उत्तर लिहायची घाई करू नकोस. तू कामात असशील.

तुझीच,
देवकी

 

नागपूर,
शुक्रवार, १० ऑगस्ट १९७९, दुपार

गोपी,

या खेपेला नमस्कार-चमत्कार राहू दे. बाबा दारात जोडे घालून बसले आहेत. इतवारीहून दुपारची छोटी गाडी धरून ते भिवापूरला निघालेत, आणि हे पत्र त्यांच्या हाती द्यायचं आहे. पत्रासोबत एक टाइप केलेला कागद आहे. तो आधी वाच.

वाचलास? सोमवारी, तेरा तारखेला सकाळी दहा वाजता डेंटल कॉलेजमध्ये तुझा इंटरव्ह्यू आहे. तुझा. सगळे दाखले घेऊन ये, ओरिजिनल. हा कागद आमच्या घरी एकतीस जुलैला आला. म्हणजे "काही आलेलं नाही" असं मी तुला लिहिलं त्याच्या दोन दिवस आधी. मी खोटं लिहिलं, गोपी.

कसं झालं ते सांगते. जूनमध्ये फॉर्मसोबत तिकीट लावलेलं, आपला पत्ता लिहिलेलं पाकीट जोडायचं होतं. दोन्ही पाकिटं मी लिहिली, कारण माझं अक्षर टपोरं आणि तुझं म्हणजे मुंग्यांची शर्यत. तुमच्या घरी टपाल कधीकधी आठ-आठ दिवस पोचत नाही, म्हणून तुझ्या पाकिटावरही 'मार्फत श्री. रुपरावजी' लिहून आमचाच पत्ता घातला. मंगळवारी पोस्टमनने पाकीट बाबांच्या हातात दिलं. त्यांनी स्वतःचं नाव पाहिलं, माझं अक्षर ओळखलं, आणि तिथूनच ओरडले, "देवके, आलं वं तुयं!" मी ते टराटरा फाडलं, 'मुलाखतीस हजर राहावे' एवढं वाचलं आणि किंचाळले. वरचं नाव वाचायचं सुचलंच नाही. आपल्याच अक्षरातलं पाकीट दुसऱ्याचं असेल, असं कुणाला वाटेल?

बाबा तर वेडेच झाले. "झाली वं मायी पोरगी डॉक्टर! आता दात दुखला का दवाखाना घरातच!" तुला माहीत आहे, मिरचीबाजारात आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोत्यांची नोंद करणारा माणूस. सायकल काढली आणि बर्फी आणायला गेलेसुद्धा. ते परत येईपर्यंत मी कागद नीट वाचला होता. कु. गोपिका शालिकराम भोयर.

तेव्हाच बोलायचं होतं. पण ते कोपऱ्यापासून गल्लीभर सांगत आले होते. मागून प्रयागबाई, त्यांच्या मागून समोरच्या शोभाताई. आईने देवापुढे दिवा लावला आणि माझ्या तोंडात बर्फी कोंबली. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलले नाही, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी बाबांनी विचारलं, "आपल्या गोपीचं काही आलं काय?" मी म्हटलं, नाही. तर म्हणाले, "मंग तिले इतक्यात तुयं कळवू नको. पोरगी रडन." गोपी, ते तुझ्यासाठी हळहळले, आणि मी समोर बसून ऐकलं. कागद तेव्हा माझ्या वहीत होता.

मंगळवारी झाली ती चूक होती. बुधवारी मी कॉलेजात जाऊन बोर्ड पाहिला. यादीत खालून दुसरं तुझं नाव. वेटिंग लिस्टवर सगळ्यात वर माझं. तिथल्या एका मुलीच्या वडिलांनी सांगितलं, इंटरव्ह्यूला जो येणार नाही त्याची जागा त्याच दिवशी वेटिंगवाल्याला देतात. कोण येणार नाही हे मला एकटीला ठाऊक होतं. बुधवारपासून जे केलं त्याला चूक म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी बसून मी तुला ते पत्र लिहिलं. कन्हानच्या मुलाची तारीफसुद्धा केली! वाचून तुला नवल वाटलं असेल, कारण त्या स्थळाचं नाव काढलं की आपण दोघी मिळून किती हसायचो.

तेव्हापासून पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी मोरीत जाऊन उभी राहते. बाबांनी पांढरं कापड आणलं होतं, आई त्याचा एप्रन शिवत होती. माप घ्यायला बोलावलं की हात पसरून उभी राहायचे. आई विचारायची, "आंग काहून कापते वं तुयं?" मी म्हणायचे, पंख्यामुळे. पंखा बंद असायचा.

काल तुझं कार्ड आलं. तू लिहिलंस, "माझं काही आलं नाही म्हणजे नंबर नसेलच. रविवारी कन्हानचे लोक पाहायला येणार आहेत, मी बाबांना हो म्हटलं. तुझा नंबर लागला तर माझा खडूंचा डबा तू घे, तुला कामी येईल. फक्त त्यातला वाकडा सुळा मला पाठव. तुझी आठवण म्हणून."

तो डबा अजून आपल्या कोनाड्यातच आहे. कॉलेजात पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरावे लागतात हे कुठूनसं ऐकलंस, आणि बाबांच्या दाढीच्या जुन्या ब्लेडने खडू कोरायला बसलीस. बघायला दात हवेत म्हणून मला खिडकीशी बसवायचीस. "आ कर. अजून. हलू नको वं!" माझा जबडा दुखायचा, आणि तू माझ्या दाढेतल्या खाचा मोजत बसायचीस. काल मी डबा उघडला. अठ्ठावीस दात, कापसात ठेवलेले. सगळे माझे आहेत ते गोपी. तो वरचा डावा सुळासुद्धा, ज्याच्यामुळे मी फोटोत कधी हसत नाही. तोच तू मागितलास.

मी रडले. फार रडले. त्याने काही धुऊन निघत नाही, हे मला समजतं. पण तुला सांगायचं होतं.

आज बाबा जेवायला घरी आले तेव्हा मी कागद त्यांच्या ताटाशी ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "कोनाचं म्हनलं नाव?" मी पुन्हा सांगितलं. त्यांनी बोट ठेवून कागदावरचं नाव वाचलं. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. उठले, हात धुतला, आईला म्हणाले, "मी भिवापूरले जाऊन येतो." जाण्याआधी प्रयागबाईंच्या दारात उभे राहिले आणि जोरात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाभी, तो नंबर आमच्या गोपीचा होता. गडबड झाली आमची." आमची म्हणाले. माझं नाव घेतलं नाही. मी आत भिंतीला टेकून ऐकत होते.

माझ्याशी मात्र अजून बोललेले नाहीत.

तुझ्यापासून आता काहीच लपवायचं नाही म्हणून हेही लिहिते. आत्ता, हे लिहिताना, मनात एकदा आलं की गाडी चुकली तर? इतकी मी वाईट आहे. म्हणून तर हे पत्र पोस्टात टाकत नाही, बाबांच्या हाती देते. ते गाडी चुकवणार नाहीत. चुकलीच तर एस.टी.ने येतील.

उद्या त्यांच्यासोबतच निघ. रविवारच्या पाहुण्यांचं काकांशी बाबाच बोलतील. लावणी चालू आहे, पाहुण्यांना शब्द दिलाय, असं काका म्हणतील. तेव्हा तू गप्प बसू नकोस. प्रयागबाईंना जसं उत्तर दिलंस तसं दे. आणि काकूंना त्यांच्या जबड्याची आठवण कर.

आमच्याकडे उतरायचं नसेल तर शोभाताईंकडे सोय होईल, आईने विचारून ठेवलंय. पण आईला वाटतं तू इथेच येशील. ती एप्रनची खालची शिवण उसवत बसली आहे. तू माझ्यापेक्षा चार बोटं बुटकी, म्हणून खालून दुमडावा लागणार. मी सुई ओवून द्यायला गेले तर तिने सुई पुढे केली. इथे आलीस आणि माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस. अंथरुणात मधे उशी ठेवू.

मी आता बी.एस्सी.ला नाव घालीन. सोमवारी तुझ्यासोबत कॉलेजच्या दारापर्यंत येऊ का? नको म्हणालीस तर येणार नाही.

बाबा उठले. पहिल्यांदा बोलले माझ्याशी, आत्ता. पाकीट हातात धरून म्हणाले, "नाव तूच लिही. आन् मोठं लिहिजो. या खेपेले वाचता आलं पायजे."

मोठं लिहिलंय. नुसतं तुझं नाव, मार्फत कुणी नाही.

सुळा पाठवत नाही. तो इथे येऊन घे.

वेटिंग लिस्टवर पहिली,
देवकी