चौथ्या खिडकीतला टॉवेल

सोमवार, ३ जून

माप जुळत नाही! एल्डरविक हॉल, वृद्धाश्रम झालेला हा जुना वाडा, तिसऱ्यांदा मोजला. उत्तरेची भिंत बाहेरून भरते त्यापेक्षा आतल्या खोल्यांची बेरीज सव्वादोन मीटर कमी. साहेब फोनवर — "चुकली असशील. पुन्हा मोज." घरातली पहिली पदवीधर मी, आणि आर्किटेक्ट म्हणून पहिल्याच कामात हे!

पण लिफ्टला जागा हवीच. मोठा जिना तीनशे वर्षांचा. त्यावरचं नक्षीचं छत फोडायची परवानगी मिळणार नाही — मिळूही नये! लिफ्ट नाही, तर वरच्या मजल्यावरच्या अकरा जणांना सप्टेंबरात दुसऱ्या वृद्धाश्रमात हलवणार. शुक्रवारी वारसा खात्याच्या बाई येतील. तोवर जागा शोधायची.

मंगळवार, ४ जून

वर आजी-आजोबांबरोबर चहा. तीन आठवड्यांत सवयच झाली. माझं बिस्किट कपात पडलं. होरेस टॅटरसॉल (वय शहाऐंशी, जन्मभर गवंडीकाम) म्हणाले, "विद्यापीठात हे नाही वाटतं शिकवत?" सगळे हसले. मग हळूच — "ते मोजायचं यंत्र ठेव बाजूला, पोरी. आतून प्रत्येक खिडकीत एकेक टॉवेल अडकव. मग बाहेर जाऊन बघ."

बुधवार, ५ जून

काय दिवस! काठ्या टेकत, वॉकर ढकलत सगळे कामाला लागले. टॉवेल संपले. विनीबाईंनी आपला गुलाबी पेटीकोट लटकवला. व्यवस्थापक मिसेस हॅडफील्ड ओरडल्या, "विनिफ्रेड! रस्त्यावरून दिसतंय!" "दिसू दे की, पस्तीस वर्षांत कुणी बघितला नाही!"

मी हिरवळीवर. उत्तरेची बाजू, वरचा मजला. एक, दोन, तीन — चौथी खिडकी रिकामी! काचेला आतून काळा रंग. आत मात्र तिथे चादरींच्या कपाटामागची साधी भिंत.

मी किंचाळले. वरून टाळ्या.

गुरुवार, ६ जून

आईला फोन केला. "टॉवेलच वाळत घालायचे होते तर डिग्री कशाला घेतलीस गं?" पण हसू आवरत नव्हतं तिला.

शुक्रवार, ७ जून

वारसा खात्याच्या बाईंच्या देखत कपाट सरकवून विटा काढल्या. मागे तळघरापासून माळ्यापर्यंत सरळ पोकळी! वर गंजलेली कप्पी — कोळसा नि ट्रंका वर ओढायची जुनी सोय. लिफ्ट आरामात बसेल. बाई म्हणाल्या, "छताला धक्का नाही ना? मग माझी हरकत नाही." विनीबाई रडल्या आणि मला मिठी मारली.

संध्याकाळ

काढलेल्या विटा रचत होते. एकीच्या आतल्या अंगावर कोरलंय — एच. टॅटरसॉल, १९५८.

वीट घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले. चष्मा लावून त्यांनी ती निरखली. "चुना जरा पातळ झाला होता तेव्हा."

"मिस्टर टॅटरसॉल! पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"आज सकाळपर्यंत जागा सापडली नसती तर सांगणारच होतो," ते म्हणाले. "पण पहिल्या दिवशी सांगितलं असतं, तर रोज चहाला कोण आलं असतं?"