कारण : 'पेर्सोनाल'

८ जानेवारी
आज मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर झापलं. गुलाब निवडणाऱ्या बाया भराभर नोकरी सोडतायत, व्हॅलेंटाइनला पाच आठवडे उरले, माणसांचं खातं तुमच्याकडे, का जातात ते शोधा! कान लाल झाले. संकल्प : जाणाऱ्या प्रत्येकाची मनमोकळी मुलाखत. सोबत कॉफी आणि आमच्या कायांबे गावची ताजी खुसखुशीत बिस्किटं, बिस्कोचो. माझ्यासमोर माणसं आपोआप मोकळी होतात. देणगीच आहे ती.

९ जानेवारी, सकाळी १०
पहिला विल्मेर, पॅकिंगचा. धडाधड बोलला. सुपरवायझर सेगुंदो बायांना शौचालयालासुद्धा जाऊ देत नाही म्हणे. इथलं इथेच राहील, असा शब्द मी दिला होता. पण दुसरी बाजू नको ऐकायला? सेगुंदोला तिथल्या तिथे बोलावलं. विल्मेर अर्धा बिस्कोचो टाकून उठला. शिफारसपत्र मागत होता. सेगुंदो म्हणाला, अजिबात द्यायचं नाही. मी म्हटलं, बघू. जरा ओशाळल्यासारखं झालं. जेवणापर्यंत गेलं.

१५ जानेवारी
तिघीजणी. कारणाच्या रकान्यात तिघींचं 'पेर्सोनाल', म्हणजे वैयक्तिक. प्रत्येकी चार मिनिटं. पद्धत बसतेय.

२१ जानेवारी
आणखी सात. सगळ्यांचं 'पेर्सोनाल'. घरच्या अडचणी फार दिसतात बिचाऱ्यांच्या. अहवाल दिला : मळ्यात दोष नाही. मालकीणबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. कौतुक असावं.

२७ जानेवारी, दुपारी
नूबिया चालली. एकोणीस वर्षं निवडीचं टेबल तिने सांभाळलं. तिचंही 'पेर्सोनाल'. विचारलं, नूबियाबाई, घरी काय झालं? हसलीच. म्हणाली, घरी सगळं झकास आहे हो. तुम्ही खात्याची पाटी बदलून 'मानवी प्रतिभा' केलीत, पण आमच्या तोंडी तुमचं कर्मचारी खातं अजून जुन्या नावाने 'पेर्सोनाल'च आहे. आम्ही कारण अगदी बरोबर लिहितोय, साहेब.
मग हसायची थांबली. म्हणाली, विल्मेर पत्रासाठी पंधरा दिवस गेटवर उभा राहिला, आणि तुम्ही गाडीची काच वर करून जायचात.
खरं आहे. इथे मी ते एकदाही लिहिलं नाही. आत्ताही 'काच धुळीमुळे वर केली' असं लिहिणार होतो.

२८ जानेवारी
शिफारसपत्र घेऊन विल्मेरच्या घरी गेलो. बायको म्हणाली, ते क्वितोला गेले, बाजारात हमाली करतात. पत्र घेतलं, वर आभार मानले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
अहवाल बदलून दिला : कारण, सेगुंदो आणि मी. मालकीणबाई म्हणाल्या, हे मला केव्हाच कळलंय, सेगुंदोला कालच काढला, तुमचं काय ते व्हॅलेंटाइनची फुलं रवाना झाल्यावर बघते. आधी निवडीच्या टेबलावर बसून हात चालवा.

१ फेब्रुवारी
नूबियाच्या जागी बसून गुलाब निवडतोय. बोटांत काटे. मी बसताच बायांची बडबड बंद पडली. चार तास चिडीचूप. शेवटी एकीने विचारलं, साहेब, तुम्ही कधी जाणार? म्हटलं, सहाला. सगळ्या खो खो हसल्या. तीन-चार गुलाब हातातून गेल्यावर माझ्या लक्षात आलं, ती वेळ विचारत नव्हती.