सुधारित द्रावण

४ जून १९९८, लातूर
आईच्या किडन्या निकामी आहेत. पोटात नळी आहे. दिवसातून चारदा दोन लिटर द्रावण आत सोडायचं, काही तासांनी घाणीसकट पिशवीत उतरवायचं. मे महिन्यापासून आत जातं त्याहून कमी बाहेर येतं. पाय सुजलेत. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, महिनाभर पाहू, नाहीतर नळी काढून मशीनवर डायलिसिस. म्हणजे आठवड्यातून दोनदा हैदराबाद. आई म्हणाली, "तेवढं माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."
दोष द्रावणातल्या ग्लुकोजचा. ते रक्तात मुरतं, मग पाणी ओढत नाही. मी एम.फार्म. आहे. द्रावण सुधारणार.

७ जून
ग्लुकोजऐवजी स्टार्चचा मोठा रेणू. प्रयोगशाळा: अंगणातली पत्र्याची खोली. भूकंपापासून आई स्लॅबखाली राहत नाही, तिथंच असते. तिच्या कॉटवर मे महिन्यापासून माझ्या कोचिंग क्लासच्या नोट्सचे गठ्ठे आहेत. बारावी केमिस्ट्री, प्रकरण 'द्रावणे'. खुर्चीवर आता बाटल्या. आई खाली गादीवर, पिशवी शेजारी. तक्रार नाही. आदर्श पेशंट.

१३ जून
नांदेडला जाऊन जर्नल चाळलं. स्टार्चचं द्रावण विलायतेत आधीच निघालंय. म्हणजे माझी दिशा बरोबर होती. माझ्या बाटलीत बुरशी.

२१ जून
क्लासचे राघवेंद्र सर गठ्ठे घेऊन गेले. संध्याकाळी पिशवी तुडुंब. आई कॉटवर बसून हसत होती. कालच मी तिचा दुपारचा चहा बंद केला होता. कारण उघड आहे. शोधनिबंधाचं शीर्षक ठरवलं.

२५ जून
नव्या नोट्स छापून आल्या. कॉट भरली. पाणी पुन्हा अडलं. आई चोरून चहा पीत असावी. विचारलं. तिनं नुसता कप उपडा करून दाखवला. शेजारच्या वहिदाखाला म्हणाल्या, "चहाच बघून राहिलीस. तिचं तोंड बघ की."

१ जुलै
एसटीडी बूथवरून डॉक्टरांना फोन. ग्लुकोज, रेणू, चहा, सगळं क्रमानं सांगितलं. त्यांनी विचारलं, पाणी काढताना पेशंट बसतात कुठे? जमिनीवर. आणि पिशवी? जमिनीवर. मीटर पळत होतं. मग डॉक्टर म्हणाले, पाणी वरून खाली येतं.
घरी येऊन गठ्ठे जमिनीवर, आई कॉटवर. पिशवी भरली. कॉट मागायची नाही का, म्हटलं. "नोट्स कशाला हलवायच्या? लई कष्टानं लिहिल्यास तू."

९ जुलै
सूज उतरली. नळी राहणार. आई सगळ्यांना सांगते, पोरीनं औषध सुधारलं. वहिदाखाला म्हणाल्या, "हौ. कॉट रिकामी करायला एवढं शिकावं लागतं."
मी आईचं म्हणणं खोडलं नाही. पेशंटचं मनोधैर्य महत्त्वाचं असतं.
दुपारचा चहा परत सुरू. मीच करते.